दोऱ्याला बूट मिळणार नाही

तुमच्या पोराच्या पायात बूट अगदी बरोबर बसलाय असं तुम्हाला वाटत असेल, तर हा अंक जरा खाली ठेवा, पोराला उभं करा आणि बुटाच्या टोकावर अंगठा दाबून बघा. मग पुढं वाचा. पोर "दुखत नाही" म्हणालं तर त्याच्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. मी वीसेक वर्षं शिरूरच्या बाजारपेठेत एका चपला-बुटांच्या दुकानात लहान मुलांचे बूट विकले, आणि त्या सगळ्या काळात खरं बोलणारी माणसं मला बोटावर मोजण्याइतकी भेटली. यात आम्हालाही धरा. आमचे शेठ महिन्याभरापूर्वी आलेला खोका गिऱ्हाइकासमोर फुंकर मारून उघडायचे आणि म्हणायचे, "आजच फोडलाय माल."

मी मूळची दौंडची. वडील रेल्वेत होते, मी लग्न होऊन शिरूरला आले. शेठनी दुकानात बाई म्हणून मला कामाला घेतलं, कारण पोरं दुकानातल्या पुरुषाला बघून भोकाड पसरायची आणि त्यांच्या आया पाय पुढं करायला लाजायच्या. सासूबाईंना हे काम मुळीच पसंत नव्हतं. "मॅट्रिक होऊन लोकांच्या पायाशी बसणार का?" असं त्या पहिला पगार हातात पडेपर्यंत म्हणत होत्या. नंतर म्हणाल्या नाहीत. काम तसं वाईट नव्हतं. पोराचा पाय माझ्या हाताला लागला की आई लगेच दटावायची, "पाया पड मावशीच्या, पाय लागला ना!" शिरूर तालुक्यातली इतकी पोरं माझ्या पाया पडलीत की मला कधीच मोठं पुण्य लागायला हवं होतं. पण मी पडले संशयी बाई. पाया पडणाऱ्या पोराकडंही मी आधी बोटं दुमडली आहेत का म्हणून बघायची.

आता हा धंदा बाहेरच्यांना समजावा म्हणून सांगते. लहान मुलांच्या बुटांचे नंबर तेरापर्यंत चढतात आणि तेरानंतर पुन्हा एकपासून सुरू होतात. असं का, ते मला कुणी सांगितलं नाही. पण ह्या एका गोष्टीवरून दर जून महिन्यात दुकानात भांडण ठरलेलं. "गेल्या साली तेरा नंबर नेला, आन् आवंदा एक म्हनता? पोराचा पाय आकसला का काय?" असं म्हणून माणूस आमच्याकडं असा बघायचा की जणू आम्ही त्याच्या खिशातच हात घातलाय. त्यात नंबर चढला की किंमतही चढते, म्हणून मी "एक नंबर मोठा घ्या" म्हणाले की मी शेठची माणूस. "आहे तोच घ्या" म्हणाले तर शिल्लक माल गळ्यात मारते. आणि "एवढ्याशा बुटाला एवढं पैसं?" हे तर रोजचंच. अहो, कातडं कमी लागतं हे खरं, पण शिलाई तेवढीच, तळवा तेवढाच, डबा तेवढाच. हे मी सांगायची आणि कुणी ऐकायचं नाही. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. चार महिन्यांत पाय वाढणार, वर्षात बूट टाकून द्यायचा, आणि पुढं धाकटा भाऊ नसेल तर तो पैसा गेलाच.

दुसरी पंचाईत रुंदीची. खेड्यातली पोरं जन्मापासून अनवाणी वावरात हिंडलेली. पंजा पसरलेला, बोटं मोकळी. कंपनीचे बूट निमुळते. लांबीला बसला तर रुंदीला नाही, रुंदीला बसला तर टाच बाहेर. यावर आमच्या लोकांनी काढलेला उपाय म्हणजे कापूस. कवठे येमाईचे एक आप्पा नातवासाठी मुद्दाम तीन नंबर मोठा बूट न्यायचे, पुढं कापूस कोंबायचे आणि दर दिवाळीला थोडा थोडा काढायचे. "वाढत्या अंगाचं पोर हाय, बूट बी वाढता पायजे," असं त्यांचं म्हणणं. तो नातू चालताना बदकासारखा फटक फटक आवाज करत यायचा, तो मला दुकानातून न बघता ओळखू यायचा.

आणि लबाड्या! एक बाई मुलाचे बूट परत घेऊन आल्या. "मावशी, लहान पडत्यात ओ, पायात घातलंच न्हाईत." मी बूट नाकाजवळ नेला, उलटा केला, हातावर आपटला. आतून अक्षतांचा पिवळा दाणा पडला. मग अजून एक. मी विचारलं, "नवरी कुठली होती?" बाई हसल्या, मी हसले, पण बूट परत घेतला नाही. तेव्हापासून लग्नसराईत परत आलेला प्रत्येक बूट मी आधी आपटून बघायची.

पण सगळ्यांत पक्के लबाड म्हणजे पोरं. नव्या बुटासाठी पोर काहीही सहन करतं. बोटं आत मुडपून घेतं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत दाबलं तरी म्हणतं, "बसतोय, बसतोय." पुढं रांजणगावला कंपन्या आल्या, तेव्हा चालताना लुकलुकणारे लाइटचे बूट निघाले. तेव्हा तर एका पोरानं दोन नंबर लहान बूट घालून दुकानभर नाचून दाखवलं होतं, कारण त्याच्या मापात लाइटचा नव्हता. बाप घेऊन गेला. मी "नका नेऊ" म्हणाले तर म्हणतो कसा, "पोरगा नाचतोय, आन् तुमाला काय त्रास हाय?" तेव्हा एक लक्षात ठेवा. पोर खोटं बोलतं, पण नेहमी एकाच बाजूनं. नवा बूट टोचतो, असं आपणहून सांगणारं पोर माझ्या पाहण्यात नव्हतं. ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते इथूनच सुरू होतं.

लाइटचे बूट यायच्या आधीच्या काळी लांबच्या खेड्यातल्या पोराला दुकानात आणायची फारशी पद्धत नव्हती. बाजाराच्या दिवशी माणूस माळवं घेऊन शिरूरला यायचा, विकायचा आणि जाताना बूट न्यायचा. पोराचं यष्टीचं भाडं कोण भरणार, शाळा कोण बुडवणार? मग घरून माप यायचं. कुणी ज्वारीच्या धाटाची कांडी मोडून आणायचं, कुणी वर्तमानपत्रावर पेन्सिलीनं पाय काढून, पण बहुतेक सगळे सुतळी किंवा दोरा. पायाखालून धरायचा, टाचेला गाठ, अंगठ्याला गाठ, झालं. खिशातून तो दोरा निघाला की माझ्या कपाळाला आठी. दोरा ताणला असेल. भिजला असेल. पोर झोपलेलं असताना घेतला असेल. बसलेल्या पायाचं माप आणि उभ्या पायाचं माप एक नसतं, पण हे सांगितलं की लोकांना वाटायचं, बाईला मोठा नंबर खपवायचाय.

निमोण्याचे एक गृहस्थ होते. नाव बदलते, बबनराव म्हणू. गवार, काकडी घेऊन दर बाजाराला यायचे. एका जूनमध्ये त्यांनी सुतळी आणली, पोरीच्या शाळेच्या काळ्या बुटांसाठी. पोरगी सारिका, सातवीत गेली होती, शाळा नवी, आणि शाळेत काळ्या बुटांची सक्ती. मी सुतळी मोजली, बोटभर जागा धरली, तीन नंबर दिला.

पुढच्या बाजाराला बूट घेऊन हजर. "ताई, डावा टोचतोय म्हंती."

मी बूट उलटा केला. तळव्याच्या खाचांत निमोण्याची काळी माती. म्हणजे घातलेला. घातलेला बूट आम्ही बदलत नव्हतो, पण बाजाराची गर्दी होती आणि बबनरावांचा आवाज मोठा. "तुमचा डावा उजव्यापेक्षा बारका हाय, शेकंड माल दिला तुमी!" असं ते चार माणसांत म्हणाले, तशी शेठनी मला डोळ्यांनी खूण केली. मी दोन्ही बूट तळव्याला तळवा लावून दाखवले. केसाचा फरक नव्हता. तरी चार नंबर देऊन त्यांना वाटेला लावलं. परत आलेला तीन नंबरचा जोड शेठनी पुसला, पालिश मारलं आणि दुसऱ्याच दिवशी "आजच फोडलाय" म्हणून विकला. कुणाला, ते सांगणार नाही. शिरूर काही फार मोठं गाव नाही.

त्याच्या पुढच्या बाजाराला बबनराव पुन्हा दारात. ह्या वेळी बूट पिशवीतून काढले नाहीत, पिशवीसकट काउंटरवर आपटले.

"आता काय झालं?"

"आता उजवा निघतोय म्हंती! कवायतीला पाय उचलला आन् बूट उडून म्होरल्या पोरीच्या पाठीत बसला. समदी शाळा हसली. गुरुजींनी येगळं उभं केलं. तवापासनं शाळंत पाय टाकंना. दोन कानाखाली दिल्या, तरी न्हाई." त्यांनी घाम पुसला. "आधी डावा टोचतोय, आता उजवा निघतोय. उद्या म्हनंल दोन्ही चावत्यात. तिला शाळाच नकोय, ताई. नाटकं हायती समदी. पैसं द्या माझं परत. दौंडला भन हाय माझी, तिची दोन लेकरं बारकी हायती. तिकडं धाडतो सांभाळाया. तितं बूट लागत न्हाईत."

दौंड म्हटल्यावर मी जरा सावध झाले. आमच्या माहेरच्या चाळीत अशा भाच्या होत्या. "जरा मदतीला आणलीय" म्हणून बारा-तेरा वर्षांची पोर यायची. पहाटे पाणी भरायची, भांडी घासायची, आत्याची पोरं कडेवर घेऊन दारात उभी राहायची, आणि थेट लग्नालाच त्या घरातून निघायची. शाळेचं नाव पुन्हा कुणी काढलेलं मी ऐकलं नाही.

पण म्हणून मी पोरीच्या तक्रारीवर लगेच विश्वास ठेवला असं समजू नका. एक पाय टोचतो, दुसरा निघतो, हे मला दुसऱ्याच कारणानं खटकलं. सकाळच्या शाळेची पोर आणि दुपारच्या शाळेची पोर एकच जोड आळीपाळीनं घालतात, हे मी आधी पकडलेलं होतं. मी विचारलं, "भाऊ, घरात पोरी किती?"

"येकच. का?"

"नाही, बूट दोघींत घालता का म्हणून..."

"आमी काय चोर वाटलो व्हय तुमाला?" बबनराव असे ओरडले की बाहेरचा केळीवाला आत डोकावला. "येक पोरगी हाय मला! येक! तिच्यापायी तीनदा आलो, आन् तुमी मला इचारता?"

शेठ गल्ल्यावरून म्हणाले, "द्या हाकलून, पैसे परत मिळत नाहीत." बबनराव पिशवी उचलायला लागले. आणि मला मात्र ती पोरगी डोक्यातून जाईना. नवा बूट टोचतो म्हणणारं पोर. बरं, खोटं बोलायचंच असतं तर तिनं एकच पाय धरून ठेवला असता. लबाड माणूस आपलं खोटं बदलत नाही, ते तर ह्या दुकानात मी रोज बघत होते. आज डावा, उद्या उजवा, असं फक्त खरं बोलणारंच बरळतं.

"भाऊ," मी म्हणाले, "पैसे परत नाहीत, आणि बूटही बदलून देणार नाही. पोरीला घेऊन या."

"तिला कशाला?"

"पाय तिचे आहेत म्हणून. दोऱ्याला आता बूट मिळणार नाही."

त्यांनी डोळे बारीक केले. "म्हंजी तिला दोन मान्सांचं भाडं भरून आणायची, आन् तुमी तिसरा जोड गळ्यात मारायचा. असंच ना?"

"मारला तर बाहेर उभं राहून बोंब मारा. बाजाराचाच दिवस असतो, ऐकायला माणसं कमी पडणार नाहीत."

येतील असं मला वाटलं नव्हतं. पण पुढच्या बाजाराला आले. मागं परकर-पोलक्यातली एक बारीक पोर, पायात रबरी स्लीपर, डाव्या पायाच्या करंगळीवर जुनी चिंधी बांधलेली. बाकावर बसायलाही तयार नाही. बापानं बस म्हटल्यावर टोकाला टेकली. मी तिचा पाय हातात घेतला तशी तिनं सवयीनं हात जोडले, मी म्हटलं, "राहू दे गं, आज मीच तुझा पाय धरलाय."

तिला उभं करून उजवा पाय लाकडी मोजपट्टीवर ठेवला. तीन नंबर. सुतळी खोटी नव्हती. मग डावा ठेवला. चार. मी म्हटलं, आपली पट्टी हलली असेल. पुन्हा मोजला. चार, आणि पंजाही चांगला रुंद. थोडा फरक सगळ्यांच्याच पायांत असतो, तुमच्या-माझ्याही. पण पुरता एक नंबर फरक मी पहिल्यांदा पाहत होते. पोरगी श्वास धरून उभी होती. तिला वाटत होतं, आता अजून काय बाहेर निघतंय.

मी बबनरावांना विचारलं, "माप कुठल्या पायाचं घेतलं होतं?"

"उजव्याचं."

"आणि डाव्याचं?"

"डाव्याचं कोण घेतंय ओ? शुभ कामाला उजवाच पाय म्होरं. उंबरा वलांडताना बी आपण उजवाच टाकतो. नवा बूट आणायचा, तर डाव्याचं माप कसं घ्यायचं?"

दुकानात त्या वेळी दोन-तीन गिऱ्हाइकं होती. एका बाईंच्या हातात दोराच होता. मी विचारलं, "तुमचा कुठल्या पायाचा?" त्या म्हणाल्या, "आता गं बाई, उजव्याचाच की." म्हणजे इतकी वर्षं मी त्या दोऱ्यांवर नाही नाही ते संशय घेतले, आणि एवढा साधा प्रश्न मलाही सुचला नव्हता! माझं मलाच हसू आलं आणि रागही आला.

आता तिला डावा चार आणि उजवा तीन हवा. शेठ ऐकूनच उभे राहिले. "जोड फोडायचा नाही! आज हिला फोडून दिला तर उद्या सगळा तालुका दारात येईल, डावा एक द्या नि उजवा दुसरा द्या म्हणून. उरलेले कुणाच्या पायात घालू? माझ्या?" त्यांचंही खोटं नव्हतं. फोडलेला जोड म्हणजे दोन बूट मेले.

पण दुकानात मेलेल्या बुटांचं एक पोतं असतं, हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं. बाहेर मांडणीला आम्ही जोडातला एकच बूट ठेवायचो, चोरानं उचलला तरी त्याला उपयोग नको म्हणून. तो नेहमी उजवा. वर्षा-दोन वर्षांत आतला डावा कुठंतरी हरवतो, उंदीर कुरतडतो, नाहीतर दुसऱ्याच खोक्यात जातो, आणि बाहेरचा उजवा एकटा राहतो. असे सगळे एकटे माळ्यावरच्या पोत्यात. मी शिडी लावून वर गेले, पोतं उपडं केलं. तीन नंबर, उजवा, त्याच कंपनीचा, काळा. उन्हानं विटून तपकिरी झालेला, पण पायात कधी गेलेला नव्हता. खाली येऊन दोनदा पालिश मारलं. बबनरावांनी आणलेल्या जोडातला चार नंबरचा डावा आणि हा उजवा शेजारी ठेवला. शेठ म्हणाले, "पैसे जास्तीचे नाहीत, पण तो उरलेला उजवा पोत्यात टाका आणि हे कुणाला सांगू नका."

बबनरावांनी तो विटका बूट उचलला, फिरवून बघितला, आणि काय सांगू, माझ्यासारखाच नाकाजवळ नेऊन हुंगला.

"कुणाचा हाय ह्यो?"

"कुणाचाच नाही. मांडणीचा आहे."

"मेलेल्याचा-बिलेल्याचा न्हाई ना?"

"मावशी खोटं बोलत न्हाई, आण्णा," सारिका पहिल्यांदाच बोलली. मला ह्या दुकानात असं प्रशस्तिपत्रक आजवर कुणी दिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी तितकी लायकही नव्हते.

तिनं बूट घातले. मी दोन्ही टोकांवर अंगठा दाबला, बोटं सरळ होती. टाचेत बोट घालून बघितलं. "चाल." ती चार पावलं चालली, थांबली आणि खाली बघत राहिली. "बसतोय" म्हणाली नाही. मी म्हटलं, "जा, रस्त्याच्या टोकापर्यंत पळून ये."

"येकटी कशाला?" बबनराव म्हणाले, पण ती गेली होती. बाजाराच्या गर्दीत पोर दिसेनाशी झाली. बबनराव उंबऱ्यावर आले, टाचा उंचावून बघायला लागले. थोडा वेळ झाला. अजून थोडा झाला. "पळाली का काय!" ते पुटपुटले. "दौंडला जायाचं म्हनून पळाली बगा." माझ्याही मनात पाल चुकचुकली, नाही म्हणत नाही. शेठनी तर सरळ विचारलं, "बूट घेऊन गेली का?"

ती आली ती उलट्या बाजूनं, मागच्या गल्लीनं. चेहरा लाल, वेणी सुटलेली, धापा टाकत. सगळ्या बाजाराला वळसा घालून आली होती. दारात आल्यावर बूट काढून करंगळीची चिंधी सुटली का ते बघायचंही तिच्या ध्यानात नव्हतं. बबनराव ओरडणार होते, तोंड उघडलंही होतं. पण तिच्याकडं बघितलं आणि शब्द गिळला. मग बाकावर बसले, डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

सारिकानं विचारलं, "आण्णा, दौंडला जायाचं का शाळंत?"

"शाळंत."

तिनं मान डोलावली. बबनराव पोरीकडं न बघता म्हणाले, "आन् ह्ये बघ. हिथनं म्होरं कुटं दुखलं, टोचलं, तर गप ऱ्हायाचं न्हाई. मला सांगायचं."

पोरगी स्लीपर पिशवीत भरत होती. रागानं नाही, रुसून नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "सांगितलं व्हतं की, आण्णा."